बाबांना न पटलेलं कृष्णविवर

माझ्या व्याख्यानाची सूचना फळ्यावर लिहायला माझ्याच बाबांनी नकार दिला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बाहेरगावची माणसं मला बोलवायला येतात. पण ज्या वस्तीत लहानाची मोठी झाले, तिथल्या विहाराच्या वाचनालयात मला एकदा तरी कृष्णविवरांवर बोलायचं होतं. आणि वाचनालय बाबांच्या हातात.

बाबा जन्मभर शहराच्या वेशीवरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हमाल होते. शाळा सातवीपर्यंत. आता सत्तरी ओलांडल्यावर ते रविवारच्या व्याख्यानांचा फळा सांभाळतात, आणि त्यांचा एक नियम आहे. वक्त्याने आधी त्यांच्यासमोर बसून विषय पटवून द्यायचा, पटला तरच ते खडू हातात घेणार. याच नियमाने त्यांनी वास्तुशास्त्रवाल्या एका बड्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं होतं. ती गोष्ट मी कॉलेजात चवीने सांगायचे.

बुधवारी संध्याकाळी आम्ही कूलरसमोर खुर्च्या टाकून बसलो. मी सांगितलं, की प्रचंड मोठा तारा जळून संपला की स्वतःच्याच वजनाखाली आत कोसळतो. इतका, की तिथून उजेडसुद्धा सुटून येऊ शकत नाही. तेच कृष्णविवर.

"पाहिलं कोणं?"

"बाबा, उजेडच येत नाही, तर दिसेल कसं?"

"मंग? देवबी दिसत नाही म्हणतेत."

आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव बाहेर काढले. तेव्हापासून 'दिसत नाही, पण आहे' हे वाक्य आमच्या घरात कुणाची उच्चारायची टाप नव्हती. ते मी उच्चारत होते.

मी मोबाइल काढला आणि दुर्बिणींनी टिपलेलं कृष्णविवराभोवतीचं नारिंगी कडं दाखवलं. बाबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"हा तं उजेड हाये. मधात काहीच नाही. काही नसल्याचा फोटो तं मीबी काढीन."

माझं डोकं सणकलं. "जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी मान्य केलंय! सगळ्यात मोठं बक्षीस मिळालंय त्यांना. ते काय वेडे आहेत?"

बाबांनी चष्मा मिटून खिशात ठेवला. "मोठे म्हणतेत म्हणून मानू नको, हे तुले कोणं शिकवलं होतं वं?"

दोन दिवस फळा कोराच. मी घरात आदळआपट केली. भाजीत मीठ जास्त पडलं, त्याचंही खापर त्यांच्यावर फोडलं. म्हटलं, राहू द्या, मिहानच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत बोलावलंय मला, तिथे बोलेन. "बोल," ते म्हणाले, "तिथं मानतीन." ते फार लागलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत मी वह्या तपासायला बसायचे.

शनिवारी दुपारी त्या वह्यांतून मी एक आलेखाचा कागद ओढला आणि चिडूनच बाबांपुढे टाकला. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एका ताऱ्याच्या जागा, वर्षानुवर्षं मोजलेल्या, प्रत्येक ठिपक्याशेजारी साल. विद्यार्थ्यांकडून मी हे दरवर्षी करून घेते. "ठिपके जोडा," म्हटलं आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं.

त्यांनी सावकाश पेन्सिल फिरवली. अंड्यासारखा लांबट आकार झाला.

"सोळा वर्षांत फिरून तिथंच येते हा. मधात काय हाये?"

"काहीच दिसत नाही."

बाबांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथं भारी काहीतरी हाये. ट्रकच्या चाकावरचे पाटे दबले का ताडपत्री न उचलता माल समजते. किती भारी?"

मी रीत सांगितली. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या साधारण हजारपट अंतरावरून हा तारा फिरतो. हजाराला हजाराने दोनदा गुणायचं, मग सोळा गुणिले सोळाने भागायचं. येईल तितक्या सूर्यांचं वजन.

बाबांनी आधी पृथ्वीचं करून पाहिलं. अंतर एक, वर्ष एक, सूर्य एक. रीत खरी निघाली. मग कागद उलटून त्यांनी लांबलचक भागाकार मांडला. दोनदा चुकले, दोनदा खोडलं, मला हात लावू दिला नाही. उत्तर आलं एकोणचाळीस लाख सहा हजार दोनशे पन्नास.

"एवढे सूर्य इतक्याशा जागेत, अन् उजेड नाही?"

"नाही."

"लिहितो फळा."

मला आनंद व्हायला हवा होता. पण बाबा उठले नाहीत. कागद हातातच होता.

"हे तुह्याजवळ पहिलेपासून होतं?"

"हो."

"कॉलेजातल्या पोरायले दरवर्षी देते?"

"हो, बाबा."

"मंग मले बक्षीस काहून सांगून राहिली होती?"

मी उगाच वह्यांची चळत सरळ करू लागले.

"हमालाले भागाकार जमणार नाही वाटलं का वं?"

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. माझं म्हणणं पुरावा न मागता त्यांनी मान्य केलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.