नानांचा हातगुण

मी शिंदखेडा सोडलं त्या दिवशी डॉक्टर नाना मला पोचवायला स्टेशनवर आले होते आणि गाडी येईपर्यंत पाण्याबद्दलच बोलत होते. मुंबईचं पाणी नळाचं असलं तरी पहिले आठ दिवस गाळून पी, हॉस्टेलवर कुणी हसलं तर हसू दे. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ट्रंकेवर बसले होते. नानांचं बोलणं संपेना, तसे ते मध्येच एवढंच म्हणाले, "नानांनी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, कुसुम. तो खाली पडू देऊ नकोस." नर्सिंगच्या शाळेत मला जागा मिळाली होती ती नानांच्या पत्रामुळे. तीन वर्षांचा कोर्स करायचा आणि परत येऊन त्यांचा दवाखाना सांभाळायचा, असं ठरलं होतं. गाडी हलली तेव्हा नाना माझ्या शेजारच्या डब्याकडे बघून हात हलवत होते. त्यांना काचबिंदू झाला होता, आणि ते फक्त मला आणि भाऊंना माहीत होतं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार वर्षं झाली होती. आता धुळ्याहून तुमचं पत्र आलं, त्यावर पत्त्याखाली 'महाराष्ट्र' लिहिलेलं होतं. मी निघाले तेव्हा तसलं राज्य नव्हतं. नानांच्या स्मरणिकेसाठी त्यांच्या सगळ्या शिष्यांनी लिहावं, असं तुम्ही कळवलंत. मी लिहायला बसले आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या गिरण्यांच्या गावात आत्ता दुपारी साडेतीनला दिवे लागलेत. वॉर्डातली शिफ्ट संपवून आले, अंगावरचा कोट अजून काढलेला नाही, कारण खोली तापायला तास जातो. 'गौरवपर मजकूर' हवा, असं तुम्ही म्हणता. नानांचा गौरव करायला मला काहीच अडचण नाही. अडचण माझी मलाच आहे.

ज्यांनी नानांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईत डॉक्टरकी शिकून ते शिंदखेड्याला परतले, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे धुळ्याला आणि जळगावला पाट्या लावून बसले होते. नानांनी दोन खोल्यांचा दवाखाना घातला आणि त्याच्या ओट्यावर शाळा. रोज सकाळी पेशंट येऊ लागले की तिथं खेड्यापाड्यांतल्या सुईणी, एखादे प्राथमिक शिक्षक, डॉक्टर होऊ पाहणारे दोन-चार विद्यार्थी असा वर्ग भरायचा. फळा वगैरे काही नव्हतं. समोर जो पाय येईल त्यावर धडा. नाना तापट होते. नखं वाढवलेल्या सुईणीला ते ओट्यावरून उठवायचे आणि संध्याकाळी स्वतः तिच्या घरी जाऊन, उद्या ये म्हणून सांगायचे. मॅट्रिक होऊन घरी बसलेली मी भाऊंच्या आग्रहानं त्या वर्गात गेले आणि तिथलीच झाले.

आमच्याकडे नारूनं माणसं जेरीला आली होती. पायऱ्या उतरून ज्या विहिरीचं पाणी भरायचं, त्याच पाण्यात नारू झालेला पाय बुडायचा, आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून पुढच्या वर्षी तसाच किडा बाहेर यायचा. त्यावर औषध नव्हतं. फोड फुटून किड्याचं पांढरं टोक दिसलं, की ते काडीला गुंडाळायचं, वर ओली पट्टी बांधायची आणि रोज बोटभर ओढायचं. महिना जायचा. घाई केली आणि नारू आत तुटला तर पाय सुजून पू धरायचा, कधी सांधा कायमचा आखडायचा. नाना विहिरीविहिरीवर जाऊन सांगत, की पाण्यात पाय घालू नका, दुहेरी फडक्यातून गाळून प्या. लोक माना डोलवत आणि त्यांच्यादेखत पायऱ्या उतरून आत जात. नानांनी सगळा जन्म हे सांगण्यात घालवला. मी निघाले तेव्हा नारूचे पेशंट पूर्वीइतकेच होते, हेही स्मरणिकेत यायला हवं.

आमच्याकडे औषधापेक्षा हातगुण मोठा. ज्याच्या हातानं बरं वाटलं त्याच्याकडे अख्खं गाव जाणार, आणि ज्याच्या हातानं वाईट झालं त्याला पुन्हा कुणी नाडीसुद्धा बघू देणार नाही. जुन्या डॉक्टरला एखादी चूक लोक पोटात घालतीलही, नव्या हाताला नाही. माझा हात हलका आहे असं नाना म्हणत, आणि हळूहळू बायका मलाच पट्टी बांधायला सांगू लागल्या होत्या.

अशात जवळच्या खेड्यातल्या एक बाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. नारू गुडघ्यापाशी होता. पंधरा दिवस त्या माझ्याच हाताखाली होत्या, आणि दिवस कापूस वेचणीचे. सगळं घर शेतात आणि आपण इथं अडकलो, अशी रोज त्यांची भुणभुण चालायची. "पोरी, कापूस फुटी गया. घर बठ्ठं वावरमा शे, नि मी आठे पाय धरीसन बशेल शे. काढी टाक ना वं." त्या दिवशी नाना पलीकडच्या खोलीत होते आणि अक्का पदर डोळ्यांवर घेऊन पडल्या होत्या. नारू सैल लागला. बोटभर आला, दोन बोटं आला, आणि मला वाटलं, येतोय तर येऊ द्यावा. नारू सोपा येतो तेव्हाच थांबायचं, हे नानांनी शंभरदा सांगितलं होतं. मला मात्र अक्कांना लवकर घरी पाठवून शाबासकी हवी होती. तो तुटला. आवाज होत नाही, बोटांना लागणारी ओढ जाते, इतकंच.

मी नानांना हाक मारली. ते आले, माझ्या हातातली काडी त्यांनी काढून घेतली, जखमेवर बोटं फिरवली आणि मोठ्यानं म्हणाले, "अक्का, माझ्या हातून तुटला." पुढे पाय सुजला, नानांनी तीनदा पू काढला, पण गुडघा आखडला तो आखडलाच. अक्कांची माणसं ओट्यावर येऊन विचारू लागली तेव्हाही नानांनी चारचौघांत तेच सांगितलं. पोरीचा काही संबंध नाही, म्हणाले. मी नंतर रडायला लागले तर माझ्यावरच खेकसले. "माझ्या हाताची वर्षं संपत आलीत, तुझ्या हाताची अजून सुरू व्हायचीत. एवढं कळत नाही?"

अक्कांच्या गावचं माणूस पुन्हा नानांकडे आलं नाही. मग शेजारच्या दोन गावांचं येईनासं झालं. डोळ्यांमुळे नाना कधी बाटली चाचपायचे, कधी ओट्यावर ठेचाळायचे. लोक म्हणत, नानाचा हातगुण गेला. माझ्यासमोर मात्र बायकांची रांग लागायची. ते मला सोसेना. त्यातच नानांनी मला मुंबईला पाठवायचं ठरवलं, आणि मी आनंदानं गेले. परत यायचं म्हणून गेले, असं तेव्हा मी स्वतःलाही सांगत होते.

कोर्स संपला, वर्षभर मुंबईतच नोकरी केली, मग आणखी शिकायचं निमित्त काढून बोटीत बसले. इथं मला बरं वाटलं, हे लपवत नाही. इथं कुणी माझ्या हाताकडे बघत नाही. बेडला लावलेला चार्ट बघतात, मेट्रन सही बघते, पेशंट मला नुसतं 'नर्स' म्हणून हाक मारतात. ड्यूटी संपली की कुणाचा पाय, कुणाचं गाव, काही सोबत येत नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेलेत त्यांना हे सुख माहीत असेल, आणि ते घरी कुणाला सांगता येत नाही हेही.

नानांची पत्रं यायची. यंदा येतेस ना, असं शेवटी असायचं. पुढे त्यांच्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या. मी प्रत्येक वेळी पुढच्या वर्षाचा वायदा केला. मग एक पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं, नानांनी सांगून लिहवून घेतलेलं. दवाखान्याला कुलूप लावलं आहे. बायका धुळ्याला एसटीनं जातात, ज्यांना जमत नाही त्या जात नाहीत. आता येऊ नकोस, तू आलीस तर मला पुन्हा आशा लागेल आणि ती आता झेपणार नाही. ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी दिवसभर वॉर्डात काम केलं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

तुमच्या अंकातल्या लेखाचा खर्डा तुम्ही मला पाठवलात. नानांसारख्यांच्या हातूनही एकदा नारू तुटला आणि त्यांनी ते मोकळेपणानं कबूल केलं, हा त्यांचा मोठेपणा, असं त्यात आहे. ते वाक्य काढा. हात माझा होता. काही छापायच्या आधी अक्कांना कळायला हवं, म्हणून मी त्यांच्या मुलाला पत्र टाकून सगळं लिहिलं, क्षमा मागितली. परवा उत्तर आलं. अक्का बोलल्या तसंच त्यानं उतरवलं आहे. "नानानी सोता सांगेल शे, मंग तू काबं खोटं लिखस? तुना हात गुनना व्हता, पोरी. तो आठे पाहिजे व्हता."

म्हणजे खोटी मीच ठरले, आणि हा लेख तुम्ही छापलात तरी तिकडे कुणी मानणार नाही. नाना खोटं बोलणार नाहीत, असाच त्यांचा लौकिक होता, आणि मी तो मोडू शकत नाही. माझं घर कुठं, असं इथल्या मुली विचारतात तेव्हा मी इंडिया म्हणून मोकळी होते. भाऊही आता नाहीत. जगात एकच दार माझ्यासाठी अजून उघडं आहे, ते अक्कांचं. तिथं एक बाई आखडलेला पाय पसरून बसली आहे, नानांना दोष देते आणि माझं नाव चांगलं घेते. तेवढंच घर मला उरलं आहे, आणि तिथं मी कधीही जाणार नाही.