बाबांचा दम आणि माझी अर्धी फार्मसी

हा किस्सा मी आपणहून सांगितला नसता. पण मामाच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ आहे, आणि मामा तो लग्नात, बारशात, परवा तर एका तेरवीतसुद्धा दाखवून राहिला होता. म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगावा. निदान माझी बाजू तरी येईल. तशी बाजू काही नाही माझी, पण ऐका.

आमचे बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झाले. जन्मभर सिमेंटच्या धुळीत उभे राहिले आणि खोकला आला की म्हणायचे, "हवा बदलली." नोकरी संपली तरी हवा बदलतच होती. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांचं असंच आहे. ते आजारी पडत नाहीत, हवा बदलते. ते चुकत नाहीत, आम्ही उद्धट असतो.

या उन्हाळ्यात मात्र बाबांचं वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. "पंकज, तो पंखा..." म्हणायचे आणि दम खात बसायचे. पंखा लावायचा की बंद करायचा, हे कळेपर्यंत लाइट जायची. हे आता गमतीचं वाटतं. तेव्हा ते जिना चढत नव्हते, आणि आडवं झालं की गुदमरायचं म्हणून भिंतीला टेकून झोपत होते.

शेवटी मीच त्यांना पंडरी भागातल्या डॉक्टरकडे ओढून नेलं. त्यानं छाती तपासली, कॅप्सूल लिहिल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी मारली. "कैसे लेनी है, मेडिकलवाले समझा देंगे."

मेडिकल आमच्या गुढ़ियारीत, पाऱ्यातच, म्हणजे मोहल्ल्यातच. इकडे घराबाहेर सगळं हिंदीतच चालतं. काउंटरवर एक दीदी असते, फार्मासिस्ट. तिनं कॅप्सूलची बाटली काढली, सोबत एक प्लास्टिकची वस्तू काढली आणि सुरू झाली, "देखिए भैया, ये कैप्सूल..."

आता इथे एक सांगायला पाहिजे. मी डी.फार्म.चं पहिलं वर्ष केलं आहे. दुसरं सोडलं. काहून सोडलं ते विचारू नका, अख्खं खानदान तेच विचारून राहिलं आहे. वर्गात सर नव्हते, लॅबमध्ये बाटल्या होत्या पण बाटल्यांत काही नव्हतं. हे घरी बोललो तर बाबा म्हणाले, "तुलेच काहून दिसते हे? बाकीचे पोट्टे शिकून राहिले ना?" म्हणून सोडलं. पण पुरं शिकलेल्याला जेवढा गर्व नसतो तेवढा अर्धं सोडलेल्याला असतो. मी दीदीला हात दाखवला. "रहने दो दीदी, मैं खुद फार्मेसी का हूँ."

"फिर भी, एक बार देख लीजिए," ती म्हणाली. मी तोवर पिशवी उचलून पायरी उतरलो होतो.

घरी मी हुकूम काढला. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाण्यासोबत. आणि काय सांगू, ज्या माणसानं माझं कधी काही ऐकलं नाही, त्यानं हे ऐकलं. घड्याळाकडे पाहून ऐकलं. शेजारच्या काकांना सांगत होते, "पोट्ट्यानं सोडलं खरं, पण..." पुढचं दमामुळे राहिलं, पण चांगलंच असणार. माझी छाती फुगली. त्यांची काही फुगेना.

बाटली अर्ध्यावर आली आणि दम वाढला. एका दुपारी बाबांनी आईला कपाट उघडायला लावलं आणि पेन्शनचं काय कुठे आहे ते बोटानं दाखवून ठेवलं. तोंडानं सांगणं होत नव्हतं. आई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि रडली.

माझं टाळकं सरकलं. औषध बरोबर, वेळ बरोबर, देणारा फार्मसीचा. मग चूक कोणाची?

"नकली माल," अभनपूरहून आलेला मामा म्हणाला. मामाला स्वतःचा जावई सोडून सगळ्यात भेसळ दिसते. "चाल. मी व्हिडिओ काढतो. दुकानच बंद करून टाकू."

गेलो सगळे. बाबांना दुकानातल्या स्टुलावर बसवलं. मामानं मोबाइल धरला. गिऱ्हाइकं आपापली औषधं विसरून आमच्याकडे वळली. मामा माझ्याकडे वाकून मराठीत, पण चांगलं मोठ्यानं म्हणाला, "पाह्य कशी साळसूद उभी आहे. तोंडावरूनच चोट्टी दिसते." मी मान डोलावली, "हव."

मग मी भाषण केलं. गरिबांचे प्राण, नकली औषधं, मी स्वतः फार्मसीचा, सगळं आलं त्यात. दीदीनं पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कैसे ले रहे हैं, दिखाएँगे?"

दाखवतो ना. मी बाटलीतून कॅप्सूल काढली, एका गिऱ्हाइकाची पाण्याची बाटली घेतली आणि कॅमेऱ्याकडे बघत गिळली. "देखो. कुछ हुआ? कुछ नहीं हुआ. यही हो रहा है पापा को."

"आपने निगल ली?"

"तो क्या सूँघूँ?"

"तकरीबन," दीदी म्हणाली. "मशीन में डालकर, मुँह से खींचनी है."

दुकानात कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता, हसू होतं.

दीदी आईकडे वळली आणि सरळ मराठीत म्हणाली, "काकू, सोबत मशीन दिली होती, ती कुठे आहे?"

मामानं मोबाइल खाली घेतला. "तुम्ही मराठी?"

"वर्ध्याची. पण चोट्टी नाही."

आई मात्र विचारात पडली होती. "मशीन? म्हणजे ते अगरबत्तीचं स्टँड?" मग घाईनं म्हणाली, "वर छिद्र होतं ना बाई त्याले. मले वाटलं स्कीममध्ये आलं."

म्हणजे बघा. ज्यातून बाबांच्या छातीत औषध जायला पाहिजे होतं, ते आमच्या देवासमोर रोज धूर सोडून राहिलं होतं.

"मला काही होईल का?" मी हळूच विचारलं. "आता गिळली ती..."

"काही नाही होत. काकांना तरी कुठे काही झालं?"

ती हसली मात्र नाही. नवी मशीन काढत म्हणाली, "पुष्कळ जण गिळतात. ते भांडायलासुद्धा येत नाहीत, घरीच दम खात बसतात. तुम्ही आलात ते बरं झालं." मग काउंटरच्या बाहेर आली, कॅप्सूल घातली, मशीन फिरवली. "काका, आधी श्वास पूर्ण सोडा. आता ओठ घट्ट. ओढा जोरात. धरून ठेवा... सोडा." नंतर गुळण्या करायला लावल्या. मग मला रिकामी मशीन दिली, आता तुम्ही करून दाखवा. मी तिच्यात फुंकर मारली. तिनं परत शिकवलं. आणि आठवडाभरात डॉक्टरला पुन्हा दाखवायचं, हे माझ्याकडून नाही, आईकडून वदवून घेतलं.

आम्ही तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळानं बाबांचे वर चढलेले खांदे खाली आले. छातीतली शिट्टी बारीक झाली.

"पंकज," ते म्हणाले. आम्ही सगळे पुढे वाकलो.

"पंकज, तू गधा आहे, तुले शिकायले ठेवलं तिथून तू पळून आला, ही पोरगी समजावून सांगत होती तर तुले दोन मिनिटं उभं राहवलं नाही, आणि मी तुह्याहून मोठा गधा, या वयात तुह्यावर भरवसा ठेवला."

एका दमात. कुठे थांबले नाहीत. आई पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती.

स्कूटरवर मागे बसूनही ते चालूच होते. माझे दहावीचे मार्क, माझे केस, माझं उशिरा उठणं, सगळं सलग. एरवी मी दुसऱ्या शब्दालाच उलट बोललो असतो.

घर पाऱ्यातच होतं. मी गाडी मुद्दाम लांबून, स्टेशनकडून फिरवून नेली.