चारचाकी न जाणारी गल्ली

दैवशाला परभणीत भाड्याचं घर बघत फिरत होती आणि प्रत्येक घरमालकाला एकच प्रश्न विचारत होती.

"दारापर्यंत चारचाकी येती का?"

गंगाखेड रोडच्या घरमालकानं छाती फुगवून सांगितलं, "बिनधास्त येती, बाई. ट्रक वळतो इथं."

"मग नको," असं म्हणून दैवशालानं चपला पायात सरकवल्या आणि ती चालायला लागली.

मागून दिपाली पळत आली. ही तिची लेक. परभणीत नर्सिंगला होती, होस्टेलचं जेवण खाऊन काडीसारखी झाली होती. "आई, काय झालंय तुला? नळाला रोज पाणी हाय, कॉलेज जवळ हाय, बाबाच्या कामाची जिनिंग मिल समोर दिसायलीय. ऑटो दारावरून जायलेत. आपल्याकडं साधी सायकल न्हाई, अन् तू असलं घर सोडायलीस?"

"सोडायलेय."

"का पण?"

"तुला कळंल," दैवशाला म्हणाली आणि पुढं झाली.

दिपालीला कळायला फार वेळ लागला नाही, कारण तीही त्या दिवशी ताडकळसला होती.

राणीसावरगावात दैवशालाच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. तिचा नवरा येडबा धाकटा. थोरला माणिकराव शिकला, परभणीला कचेरीत लागला, वसमत रोडला त्यानं बंगला बांधला आणि पांढरी गाडी घेतली. ताडकळसला नात्यातलं लग्न होतं. लग्न लागलं आणि दिपाली तापानं फणफणली. गाडीत मागं जागा रिकामी होती. दैवशालानं लेकीला आत बसवलं, स्वतः एक पाय आत टाकला, तेवढ्यात तिची थोरली जाऊ राजेश्री नाकाला पदर लावून म्हणाली, "उतरा गं दोघी. मेंढराचा वास एकदा सीटला बसला की चार दिवस जात न्हाई." मांडवातल्या बायका हसल्या. माणिकराव वाकून टायर बघायला लागला, जणू त्यात काटा घुसला होता. दैवशालानं लेकीला उतरवलं आणि मंडपाचं सामान नेणाऱ्या टेम्पोत, बांबूंच्या मधे बसवून घरी आणलं. त्या रात्री तिनं लेकीच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. लोक म्हणाले, दैवशाला फार सोशीक आहे. ती सोशीक नव्हती. ती थांबली होती.

पुढं चराईची रानं नांगराखाली गेली, येडबाचे गुडघे गेले, त्यानं कळप विकला. जिनिंगवर राखणदारीचं काम मिळालं तसं परभणीला यायचं ठरलं. आणि बिऱ्हाड हलणार म्हणजे देवही हलणार.

कुळाचे देव, खंडोबा-म्हाळसेचे चांदीचे टाक, खरं तर थोरल्याच्या घरी असायचे. पण बंगला बांधला तेव्हा राजेश्रीनंच भावकीत सांगितलं होतं, "रोजची पूजा, रोजचा निवद माझ्यानं व्हायचा न्हाई. धाकटीकडंच राहू द्या." ते राहिले. मात्र चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा निवद थोरल्या सुनेच्याच हातचा लागायचा. दुरडी तिनंच डोक्यावर घ्यायची, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, आणि देवापुढं पोचेपर्यंत कुठं खाली टेकवायची नाही. सावरगावात गाडी थेट अंगणात यायची. राजेश्री दुरडी डोक्यावर घेऊन चार पावलं चालायची, की झालं.

दैवशालाला ती चार पावलं वाढवायची होती.

पेठेच्या मागं तिला हवी तशी गल्ली सापडली. तोंडाशी दोन्ही हात पसरून ती उभी राहिली, तर दोन्हीकडच्या बांगड्या भिंतींना लागून वाजल्या. आत गटार उघडं, मधेच म्हशींचा गोठा, पुढं चढ, आणि चढाच्या शेवटी कडूबाई नावाच्या म्हातारीच्या दोन खोल्या.

"गाडी?" कडूबाई हसली. "अगं माय, इथं म्हशीला वळायला जागा न्हाई. मागं पुढं करीत काढावं लागतंय तिला. माझं कपाट छपरावरून उतरवलं हुतं."

"घेतलं घर," दैवशाला म्हणाली.

दिपाली चिडली. "आई, मोठीमाय वर्षातून एकदा येणार. आपल्याला रोज चालायचंय. कॉलेज त्या टोकाला. बाबाचे गुडघे बघ जरा."

"बाबाला इचारलंय मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गल्लीच्या तोंडापासून दार लांब हाय का? म्हणलं, हाय. म्हणाले, मग बरं हाय."

दिपालीला हसू आवरलं नाही. तिथंच तिचा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा तिनं रोज सकाळी गटार ओलांडताना आईला ऐकवला, आणि दैवशालानं तो डबा भरता भरता गुमान ऐकला.

चंपाषष्ठीला भावकी जमली. येडबाचा म्हातारा चुलता रामहरीतात्या सकाळीच येऊन देवापुढं बसला. उन्हं चढल्यावर गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. परत वाजला. मग येडबाच्या फोनवर माणिकराव.

दैवशालानं फोन घेतला. "हो दादा, हीच गल्ली. न्हाई न्हाई, दुसरीकडून वाट न्हाई. या की चालत. अक्काला म्हणावं, सावकाश. निवद खाली टेकवायचा न्हाई, बरं का."

आणि ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. एरवी पाहुण्यांना सामोरं जायला धावणारी बाई, त्या दिवशी तिनं उंबरा ओलांडला नाही.

राजेश्रीनं जरीची पैठणी नेसली होती. डोक्यावर भरलेली दुरडी, एक हात दुरडीला, एका हातात निऱ्या. गटार आलं तेव्हा निऱ्या सोडाव्या लागल्या, आणि काठ गटारात भिजला. गोठ्यापाशी म्हैस निघत होती. राजेश्री भिंतीला चिकटली, म्हशीनं निवांत तिला अंग घासून वाट काढली. ओट्यावरच्या बायका कौतुकानं बघत होत्या. कडूबाईनं तर हाक मारली, "नवी नवरी आणली का गं दैवशाला? लय दमलीय बिचारी!"

माणिकराव मागून मोकळ्या हातानं येत होता. हातभार लावता येत नव्हता, म्हणून तो खाली बघत होता. बघायला टायर नव्हतं एवढंच.

चढावर राजेश्री दोनदा थांबली. घामानं कुंकू नाकावर ओघळलं. दैवशालानं ते सगळं बघितलं, एकसुद्धा पाऊल वाया जाऊ दिलं नाही. टेम्पोतले बांबू तिला आठवले. लेकीचं तापलेलं कपाळ आठवलं. तिला वाटलं होतं आता छातीतलं ओझं उतरेल, जरा दया येईल. ओझं उतरलं. दया आली नाही.

तळी उचलली, येळकोट झाला, भंडारा उधळला. पंगत उठली, तसं राजेश्रीनं भावकीकडं तोंड केलं.

"तात्या, एक सांगायचंय. देव आता आमच्याकडं द्या. थोरले आमी हावोत. असल्या नरकात देव ठेवायचे का? आमच्याकडं गाडी दारात लागती."

खरकटं ताट उचलून निघालेली दैवशाला तिथंच थांबली. हा विचार तिनं केलाच नव्हता. देव गेले, तर दरवर्षी तिलाच त्या बंगल्याच्या फाटकात उभं राहावं लागणार. लेकीला रोज एवढं चालवलं, नवऱ्याचे गुडघे झिजवले, सगळं उलटं तिच्याच अंगावर येणार. आणि हक्क राजेश्रीचाच होता. भावकी नाही म्हणू शकत नव्हती.

"मागणं रीतीला धरून हाय," रामहरी म्हणाला.

राजेश्रीनं माणिकरावाला खूण केली. "चला, गाडीत नेऊ आत्ताच."

"गाडीत?" म्हातारा मागं सरकला. "देव गाडीत बसत न्हाईत, सूनबाई. मेंढरामागं हिंडणारे देव हायत ते. उंबऱ्यापासून उंबऱ्यापातुर, सुनेच्या डोक्यावर, अनवाणी न्यायचे. ह्या धाकटीनं सावरगावाहून तसेच आणले, मुक्काम करीत. टाचा बघ तिच्या."

राजेश्रीनं टाचा बघितल्या. भेगांत अजून काळी माती होती. मग तिनं दाराबाहेरचा उतार बघितला. त्यापुढं सगळं शहर ओलांडून वसमत रोड.

"अक्का," दैवशाला ताट खाली ठेवत म्हणाली, "देव न्यायला पाटी देऊ का धुवून?"

राजेश्रीनं रिकामी दुरडी उचलली. "बघू पुढच्या वर्षी," एवढं माणिकरावच म्हणाला, तेही चपलेकडं बघत.

"या की. आमी इथंच हावोत," दैवशाला म्हणाली.

सगळे गेल्यावर तिनं दिवा सारखा केला आणि देवापुढं बसली. आपल्या भांडणात देवाला मधे घातलं, हे तिला टोचत होतं. माफी मागायला तिनं हात जोडले. बराच वेळ बसली, पण मनातून माफी काही येईना. खंडोबापुढं खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. शेवटी तिनं हात सोडले, कपाळाला भंडारा लावला आणि आतल्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ऐकलं का? नवरात्रातबी थोरल्या सुनेचा निवद लागत हुता ना पूर्वी? तात्याला एकदा इचारून बघा."