डोळ्यात गेलेला रंग

अठरा वर्षं मी कामशेतच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. किस्से गोळा करायला मला कधी कुठं जावं लागलं नाही. होळी झाली की तेच डोळे चोळत दारात येतात!

आमच्याकडे हा सण दोनदा अंगावर येतो. धुळवडीला लोणावळ्याच्या बंगल्यांवर आलेले पाहुणे खेळतात आणि चार दिवसांनी, रंगपंचमीला, आमची गावं. डॉक्टर मॅडम दरवर्षी हात धुताना म्हणतात, "सिस्टर, हे सगळे मिळून एकदाच का खेळत नाहीत हो?" मी दरवर्षी विचारते, "मॅडम, पुढचा पेशंट पाठवू?"

*

धुळवडीला एक पाहुणे आले. पांढरा कुर्ता, हिरवं तोंड, लालबुंद डोळे. हातात रंगाचं पाकीट.

"मॅडम, रंगानं होणं शक्यच नाही. पाकिटावर ऑर्गॅनिक लिहिलंय!"

मॅडमनी टॉर्च मारला. "तुमच्या डोळ्यानं वाचलेलं दिसत नाही."

*

एका बाईंना मी बजावून सांगितलं होतं, खेळायच्या आधी अंगाला खोबरेल लावा, रंग लवकर निघतो. पुढच्या वर्षी त्या डोळे मिटूनच आल्या.

"लावलं होतं ना खोबरेल?"

"व्हय सिस्टर. डोळ्यात पण दोन दोन थेंब सोडले!"

तेव्हापासून मी 'डोळे सोडून' हे दोन शब्द दोनदा म्हणते.

*

भाजे गावचे एक आबा आले ते सकाळचा रंग डोळ्यात घेऊन, दुपारी.

"आबा, डोळ्यात काही घातलंत का?"

"काय न्हाई."

"खरं सांगा."

"जरासं तूप."

"आणि?"

"मध."

"आणखी?"

"शेजारीण कांद्याचा रस काढीत हुती. पन तवर जीप आली!"

*

इंदुरीच्या एका शाळेत मी तासभर बोलले. कोरडा रंग घ्या, चष्मा घाला, तोंडावर रंग फेकू नका, गेलाच तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा. बीट किसून रंगही करून दाखवला. घसा बसला. शेवटी विचारलं, "मग डोळ्यात रंग गेला तर काय करायचं?"

अख्खा वर्ग ओरडला, "कामशेतला जायचं!"

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून झोपले.

*

आता मागच्या रंगपंचमीचं. जवळच्याच एका वाडीतल्या दोघी जावा, सुमनताई थोरल्या, शैला धाकटी. घरं शेजारी, पण नऊ वर्षं बोलणं बंद. एका लग्नात हळदीचं बोलावणं राहिलं, एवढंच कारण.

त्या दिवशी रंग पुरेना म्हणून कुणीतरी त्यात भिंतीचा चुना कालवला. मूठ बसली ती नेमकी सुमनताईंच्या डोळ्यावर. त्या किंचाळत खाली बसल्या. बाकीचे हळद शोधायला धावले. शैलानं मात्र जावेला धरून नळाखाली नेलं, पापण्या बोटांनी फाकवल्या आणि धार सोडली. सुमनताई ओरडत होत्या, बोचकारत होत्या. शैलानं अर्धा तास डोकं हलू दिलं नाही. मग दोघी ओल्या लुगड्यांनी रिक्षात बसून आमच्याकडे आल्या.

मॅडमनी पापणीखालचे चुन्याचे कण काढले, डोळा पुन्हा धुतला, बराच वेळ तपासला.

"जखम आहे, पण नजर राहील," मॅडम म्हणाल्या. "घरी धुतला नसता, तर डोळा गेला होता. कुणी धुतला?"

शैलाच्या मनगटांवर ओरखडे होते.

औषध घालून मी दोघींना बाकावर बसवलं, शेजारी शेजारी. थोड्या वेळानं सुमनताईंनी मला हाक मारली. एक डोळा पट्टीखाली, दुसरा समोरच्या भिंतीवर.

"सिस्टर, तिला सांगा, पानी लय गार हुतं."

मी शैलाकडं वळले. तिनं पदर पिळला आणि म्हणाली, "त्यास्नी सांगा, फुडल्या वर्षी तापवून ठेवते."