दोन सूर्यांच्या गावातली झोप

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. कोणतीही बॅच बाहेर जाण्यापूर्वी तिच्यातल्या काही गोळ्या फोडायच्या, विरघळवायच्या, मोजायच्या आणि मगच सही करायची, ही हाताला लागलेली सवय. ती मी अंथरुणापर्यंत नेली आणि तिथेच फसले.

संशोधन शिष्यवृत्तीची मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती आणि झोप माझ्याकडे फिरकत नव्हती. तळेगावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर माझी मैत्रीण झोपे. ती टाकवे बुद्रुकची, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला. दिवा मालवण्याआधीच तिचा श्वास संथ होई. मला तिचा हेवा वाटे. कौतुकाचा नव्हे, चांगला चिडका हेवा. पदव्या माझ्याकडे दोन आणि झोप सगळी तिच्याकडे, ही वाटणी मला मान्य नव्हती.

उपाय मी पद्धतशीरपणे ठरवला. झोपण्यापूर्वी संथ, उबदार कथा वाचायच्या. अद्भुत हव्यात, कारण वास्तवातली कोणतीही गोष्ट मला उद्याच्या कामापाशी आणून सोडे. पण युद्ध नको, खून नको, जगाचा अंत तर नकोच. अशी पुस्तके शोधणे अवघड निघाले. एकात चौथ्या पानावर ग्रह फुटला. दुसऱ्यात राजकन्येला विष दिले गेले आणि मी त्या विषाची मात्रा पटण्याजोगी आहे का, हे पडताळत उठून बसले. अखेर लोणावळ्याला घरी गेले असताना तुंगार्लीतल्या एका वाचनालयात हवे ते सापडले: दोन सूर्य असलेल्या गावात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईची कादंबरी.

पण आधी तपासणी. रविवारी दुपारी मी ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले. अपघात नाही, मृत्यू नाही, एक हरवलेले मांजर, तेही सापडते. मनातल्या मनात मंजुरीची सही केली आणि रात्री पहिले पान उघडले. प्रत्येक वाक्य ओळखीचे. आता करण्यासारखे एकच उरले होते, चुका काढणे; मी दोन सूर्यांमध्ये ग्रहाची कक्षा स्थिर कशी राहील, याचे गणित मांडू लागले. तपासलेली गोळी रुग्णाला देता येत नाही, ती तपासणीतच संपते, हे मी प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना स्वतः शिकवते.

“मनात काय वाचतीस? मोट्यानं वाच, मला बी ऐकू दे,” मैत्रीण म्हणाली.

मी वाचू लागले. दुसऱ्याच परिच्छेदात तिने अडवले. “दोन सूर्य म्हंजी कुरडया एका दिसात वाळत्याल.”

“मुळात तिथली कक्षाच—”

“कक्षा ऱ्हाऊ दे, शास्त्रज्ञ बाई. सावल्या बी दोन-दोन पडत्याल न्हाई का? भातलावणीला दहा बाया उतरल्या तर सावल्या वीस दिसत्याल.” ती स्वतःशीच हसली आणि झोपली.

पुढे रोज तेच. पुस्तक मी शोधलेले, आवाज माझा, झोप तिची. सकाळी ती विचारी, “पुढं काय झालं?”

“काही नाही. छत्रीला दांडा बसवला.”

“मंग बरं.”

एका रात्री मला ते सहन झाले नाही. तिचे डोळे मिटताना पाहिले आणि त्याच संथ स्वरात मी पुस्तकात नसलेले वाक्य वाचले: “तेवढ्यात गावावरचे धरण फुटले.”

ती ताडकन उठून बसली. “कुटलं धरण? मगाशी तर न्हवतं!” मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. “तुला झोप न्हाई, तर माझी कशाला नासवतीस गं?”

निदान अचूक होते. मी धरण परत घेतले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुस्तक परत करावे लागले. त्या रात्री मी छताकडे पाहत पडले होते. “आज मी सांगती,” ती म्हणाली. तिच्या गोष्टीत छत्रीवाली बाई भाताच्या खाचरात उतरली होती. चिखल कोमट होता, कारण सूर्य दोन. पहिली ओळ लावून झाली. मागे सरून दुसरी सुरू झाली. “मंग ती काय म्हनली...” आणि माझी मैत्रीण स्वतःच्याच गोष्टीत, वाक्य अर्धे टाकून, झोपी गेली.

माझा संताप झाला. पण पडताळायला पान नव्हते आणि खोडायला वाक्य नव्हते. लावणी अर्धी राहिलेली मला चालत नाही, म्हणून डोळे मिटून मीच त्या खाचरात उतरले. एक रोप, एक पाऊल मागे. पुन्हा एक रोप.

सकाळी तिने हलवून उठवले. “किती येळ झोपलीस! कुटवर लावलंस?”

“तिसऱ्या ओळीपर्यंत.”

“एवढंच? मी सपनात समदं खाचर उरकलं. बांदावर बसून च्या बी प्याले.”

मुलाखतीला मी ताजीतवानी गेले. प्रश्नांची उत्तरे नीट दिली. मात्र परतताना लोकलमध्ये मला एकाही उत्तराची आठवण येत नव्हती. मी बांधावरच्या त्या चहाचा विचार करत होते, जो तिला मिळाला होता आणि मला नाही.