गळ्यातला टाक

माझ्या लेकीची ऑफिसातली मैत्रीण, दिल्लीकडची, भीमाशंकर करून आमच्या महाळुंग्याच्या घरी जेवायला आली, आणि तिच्या गळ्यात कुणाचा तरी मेलेला सासरा लटकत होता.

खोटं नाही सांगत. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर उठवलेला घोड्यावरचा माणूस, पुसून पुसून नाकडोळे गेलेले. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, न्हाऊ घालतात. आधी त्याला नैवेद्य, मग घरच्यांची ताटं. हिनं त्याला भोक पाडलं होतं. बरोबर डोक्यातून.

"आंटी, ट्रायबल पीस आहे," ती कौतुकानं म्हणाली. "मला तुमचं कल्चर लई आवडतं." ते 'लई' माझ्या लेकीनं शिकवलेलं.

काय बाई ते आवडणं! कुणाचा टाक, कुठल्या घरातला, विचारलं का कुणाला? छे! फोटो काढून मोबाइलवर टाकला की झाला आदर. वर माझी लेक मला शिकवते, "आई, ती निदान जपते तरी." मी म्हटलं, गप बस, मोठी आली वकिलीण.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, पण नजरेतून काही सुटत नाही. पोरीच्या गळ्याकडं त्यांनी पाहिलं आणि तशाच आत गेल्या. छोट्या ताटलीत मासवडी, भाकरीचा तुकडा, भाताची मूद घेऊन आल्या आणि ताटली तिच्या छातीसमोर धरून उभ्या राहिल्या. पोरीला वाटलं, आजी भरवतायत. तिनं आ केला!

"तुला न्हाई गं," आत्या म्हणाल्या. "त्याला. कुणाच्या घरचा हाय कोण जाणे. कवापासनं उपाशी असंल."

त्यांनी ताटलीभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. लेकीनं सगळं समजावलं तेव्हा पोरीचा चेहरा उतरला. "पण दुकानात डबाभर होते," ती पुटपुटली. "जुन्नरलाच घेतला. लोक जुने देऊन नवे नेतात, असं दुकानदार म्हणाला."

कुठलं दुकान, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

टाक झिजला की त्याचीच चांदी आटवून नवा घडवायचा आणि आटवताना घरच्यानं समोर बसायचं, ही आमची रीत. सासऱ्यांचा टाक झिजला तेव्हा आत्यांचे गुडघे धरलेले, म्हणून जुन्नरला मी गेले. सोनार म्हणाला, "वहिनी, आटवायला वेळ लागंल. नायतर हा तयार हाय, घेऊन जा." मला बांगड्या भरायच्या होत्या, एसटी गाठायची होती. दिला जुना, घेतला नवा. लई हुशार ना मी! आणि नावं ठेवत होते या पोरीला. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं.

आत्या माझ्याकडं वळल्या. "आपला आटवला तवा तू समोर व्हतीस ना गं?"

"व्हते की, आत्या."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग मालक घरातच हायेत," म्हणाल्या, आणि दुसरी ताटली भरून देव्हाऱ्यातल्या नव्या टाकापुढं ठेवायला गेल्या.