टिटवीची जागा

सोलापूरच्या कडेला, आमच्या कॉलनीमागच्या माळावर रोज सकाळी एक मेंढपाळ भेटायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला गुर्जी. नाव कधी विचारलंच नाही. बोलताना ते माझ्याकडे बघत नसत, गवताकडे बघत. वाटेत टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली की अख्खा कळप वळवून नेत. "बसलीया ती. आपुन जाऊ की तिकडनं," एवढंच म्हणत.

यंदा उन्हाळ्यात प्लॉट पाडायला जेसीबी आला. मामांनी हात वर करून तो थांबवला. पुढ्यातल्या खळग्यात टिटवीची चार अंडी होती. ड्रायव्हर बरा होता, बिडी पेटवून थांबला. मामांनी फेटा सोडला, अंडी अलगद त्यात घेतली आणि पन्नास पावलांवर, प्लॉटच्या हद्दीबाहेर, तसाच खळगा करून ठेवली.

तासाभरात माळ सपाट झाला. टिटवी मात्र जुन्या जागेवरच ओरडत घिरट्या घालत राहिली.

"येईल हो ती," मी म्हणालो.

"न्हाय यायची. ती जागा वळखती, अंडी न्हाय. मला ठावं हाय की."

"मग उचललीत कशाला?"

"डोळ्यांदेखत चिरडू द्यायची व्हय?"

दुपारपर्यंत आम्ही तिथंच उन्हात बसलो. टिटवी आली नाही. उठताना मामांनी विचारलं, "गुर्जी, कोन ऱ्हानार हाय हो हितं?"

 दुसऱ्या रांगेतला कोपऱ्यावरचा प्लॉट मी मुलाच्या नावानं घेतला होता.